पाळी "गेली" की आपण "सुटलो"? तुम्हाला नेमकं काय वाटलं?

पहाटजागी

नमस्कार मैत्रिणींनो, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४७. दीड वर्षापासून पाळीचं काही खरं नाही, कधी २२ दिवसांनी तर कधी अडीच महिने पत्ताच नाही. हे असं होणार हे माहीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री पावणेतीनला जी जाग येते ना, रोज, अगदी गजर लावल्यासारखी, तिच्यासाठी मला कुणी तयार केलं नव्हतं. आधी छातीत बारीक धडधड होते, आता काहीतरी वाईट होणार असं उगाच वाटतं, आणि अर्ध्या मिनिटात छातीतून मानेवर, मानेवरून कानापर्यंत गरम लाट चढते. पांघरूण लाथेने खाली, उशी उलटी करून तिची गार बाजू गालाखाली घ्यायची, गाउनचा गळा ओला झालेला असतो तो अंगापासून लांब धरून पडून राहायचं. आणि पाचच मिनिटांत थंडी वाजते म्हणून तेच पांघरूण पुन्हा वर ओढायचं. मग झोप नाही ती नाहीच.

पण मला विचारायचंय ते वेगळं आहे. मला याबद्दल वाटतंय काय हेच मला कळत नाहीये. मोठ्या जाऊबाई म्हणतात, सुटलीस बाई एकदाची. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, आता काय, संपलं आपलं. दोघींचंही मला पटत नाही. आणि शब्द तरी कसे आहेत बघा, "पाळी गेली" म्हणतो आपण, माणूस गेल्यावर म्हणतो तसं. डॉक्टरांच्या कागदावर "रजोनिवृत्ती", म्हणजे निवृत्ती, रिटायरमेंट. अरे पण मी कुठे रिटायर झालेय, माझी तर सगळी कामं भर जोरात चालू आहेत.

मला दोन मुलं आहेत, तिसरं कधीच नको होतं. तरी मागे सलग तीन महिने काही आलं नाही तेव्हा कपाटातलं पॅडचं पाकीट हातात घेऊन मी बराच वेळ तशीच उभी राहिले, हे आता कुणाला देऊन टाकायचं की ठेवायचं ते ठरेना. तेराव्या वर्षापासून कॅलेंडरवर तारखेला गोल करतेय, चौतीस वर्षं झाली. पुढच्याच आठवड्यात आली, तर आनंद झाला, आणि आनंद का झाला म्हणून स्वतःचाच रागही आला.

आईशी हे बोलावंसं वाटतं, पण तिची पाळी कधी गेली हेच मला माहीत नाही. तिने एक अक्षर काढलं नव्हतं. एवढंच आठवतं की मी कॉलेजात होते तेव्हा एक-दीड वर्ष ती फार चिडचिडी झाली होती आणि रात्री उठून जिन्यात जाऊन बसायची. आम्ही भावंडं समजायचो बाबांशी भांडलीय.

तर प्लीज सांगा, तुम्हाला काय वाटलं? लक्षणांची यादी कुठेही मिळते, मला तुमच्या मनात काय चाललं होतं ते हवंय. आणि डॉक्टरकडे जावं का हे सोसायचंच असतं, तेही.

---

मोकळी_वाट

पहाटजागी, मी "सुटले"वाली आहे आणि अगदी मनापासून आहे, कारण सांगते.

मला फायब्रॉइड होते, म्हणजे गर्भाशयात गाठी. ४५ ते ५१ ही सहा वर्षं मी रक्तात काढली असं म्हटलं तरी चालेल. एकावर एक दोन पॅड, तरी तासाभरात बाथरूम. गडद रंगाशिवाय कपडे नाहीत, कुठेही बसण्याआधी खाली काहीतरी अंथरायचं, आणि उठले की आधी मागे वळून खुर्ची बघायची. ही खुर्ची बघायची सवय पाळी बंद झाल्यावरसुद्धा वर्षभर गेली नाही! एकदा लांबचा रेल्वेप्रवास होता, रात्रभर गाढ झोपले, सकाळी उतरताना सवयीने वळून सीट बघितली आणि लक्षात आलं की आता बघायची गरजच नाही. त्या क्षणी जे वाटलं त्याला "सुटले" सोडून दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

पण एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. ती सहा वर्षं मी सोसली कारण ज्या बाईला सांगावं ती म्हणायची, जाताना असंच होतं गं, दिवा विझताना मोठा होतो तसं. जिना चढताना धाप लागायची, मला वाटायचं वय झालं. शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन ७. तोपर्यंत घरात सगळे मला आळशी म्हणायला लागले होते, आणि मीही स्वतःला. त्यामुळे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर: अजिबात सोसायचं नसतं. रक्तस्राव फार होत असेल, रक्ताच्या गुठळ्या पडत असतील तर सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन, या आठवड्यात, पुढच्या नाही.

---

निर्धास्त_साठी

मी ६१. वेगळं सांगते, राग मानू नका.

मला काहीही झालं नाही. ४९व्या वर्षी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आलीच नाही. एक-दोनदा चेहरा गरम झाल्यासारखा वाटला असेल, तेवढंच. दुःख नाही, आनंद नाही, केस पांढरे झाले तसं हेही झालं. आता माझी सून ३८ची आहे, मोबाइलवर हे सगळं वाचून ती आतापासून घाबरलीय, माझं काय होणार म्हणून. त्रास होणाऱ्या बायकांनी बोलायलाच हवं, पण ज्यांना झाला नाही त्या गप्प बसतात, त्यामुळे ऐकणारीला वाटतं सगळ्यांचंच असं होतं. म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

कातरवेळ

निर्धास्तताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझं दुसरं टोक आहे.

माझी पाळी "गेली" नाही, काढली. एंडोमेट्रिओसिस होता, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढतं, पंधरा वर्षं दुखणं सोसून ३९व्या वर्षी गर्भाशय आणि दोन्ही ओव्हरीज काढल्या. ऑपरेशन गरजेचंच होतं, त्याबद्दल आजही शंका नाही. पण इतर बायकांना जे चार-पाच वर्षांत हळूहळू येतं ते मला एका दिवसात आलं. हॉस्पिटलमध्येच, टाके असताना, तिसऱ्या रात्री अंग असं पेटलं की मला वाटलं इन्फेक्शन झालं, मी बेल वाजवून नर्सला बोलावलं. तिने ताप बघितला, ताप नव्हता. ती म्हणाली, "ते होतंच हो, ओव्हरी काढल्यात ना." सहीच्या कागदावर भूल, रक्त, टाके सगळ्याबद्दल वाचलं होतं, हे मला कुणी बोललंच नव्हतं.

भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणायची, बरं झालं, कटकट गेली. मी मान हलवायची. मला मूल नाही. होईल अशी आशाही डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सोडली होती, मीही सोडली होती असं मला वाटत होतं. पण दर महिन्याला पाळी आली की कुठेतरी आत एक वाक्य असायचं, "अजून". दुखायची मरणाची, तरी ते "अजून" असायचं. ते त्या दिवशी बंद झालं. दुखणं गेलं याचा आनंद आणि हे गेलं याचं दुःख, दोन्ही एकाच वेळी होतं, आणि लोकांना फक्त आनंद बघायचा होता. तुला पॅडचं पाकीट हातात घेऊन काय वाटलं असेल ते मला कळलं गं. तुला मूल हवं नव्हतं तरी वाटू शकतं. त्याला कारण असलंच पाहिजे असं नाही.

व्यवहाराचं एक सांगते. ऑपरेशननंतर दोन वर्षं मी हार्मोन घेतले नाहीत, कॅन्सर होतो असं ऐकलं होतं म्हणून. मग दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की इतक्या लवकर ओव्हरी गेल्या तर हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतो, आणि अशा बाईला हार्मोन देणं म्हणजे शरीरात त्या वयात जे असायलाच हवं होतं ते परत देणं. तेव्हापासून लावतेय, जेल आहे, हाताला चोळायचं. पहिल्या तीन आठवड्यांत झोप आली. पंधरा दिवस सलग झोप झाल्यावर कळलं की मी वाईट स्वभावाची बाई झाले नव्हते, मी फक्त दोन वर्षं झोपले नव्हते.

---

स्त्रीरोग_डॉक्टर

कातरवेळ, तुमचा शेवटचा परिच्छेद माझ्या ओपीडीच्या भिंतीवर लावावा असा आहे. मी २३ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि स्वतः ५३ची आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते. एकेकीला उत्तर देत बसले तर रात्र जाईल.

पहाटजागी, आधी तुमच्या शब्दांबद्दल, कारण मला ते फार आवडलं. मेनोपॉज, म्हणजे तुमची ती रजोनिवृत्ती, हा शब्द १८२१ साली गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने वापरात आणला. ग्रीकमध्ये महिना आणि थांबणं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात ना सुटका आहे ना मरण. ते आपण घालतो. आणि जे घालतो त्याचा अनुभवावर परिणाम होतो हे मी नुसतं मनाचं सांगत नाहीये. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात जपानमध्ये पंचेचाळीस ते पंचावन्न वयाच्या बायकांना विचारलं, तर गेल्या दोन आठवड्यांत हॉट फ्लॅश, म्हणजे ही गरम लाट, आल्याचं सांगणाऱ्या जेमतेम दहा टक्के निघाल्या. अमेरिका आणि कॅनडात त्याच वयात हे प्रमाण साधारण एक तृतीयांश होतं. जपानी बायका सगळ्यात जास्त तक्रार करत होत्या ती खांदे आखडल्याची. त्यांच्याकडे या काळाला "कोनेन्की" म्हणतात, त्यात पाळी थांबणं हा एक छोटा भाग, बाकी चष्मा लागणं, केस पिकणं, अंग जड होणं असं सगळं येतं. आता हे आहार-शरीरामुळे किती आणि विचारांमुळे किती, याची वाटणी करता येत नाही. पण निर्धास्तताईंना काही झालं नाही आणि कातरवेळला एवढं झालं, यात कुणी खोटं बोलत नाही आणि कुणी नाजूकही नाही, एवढं नक्की.

आता ती पावणेतीनची लाट. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. एरवी तापमान थोडंफार वरखाली झालं तरी तो दुर्लक्ष करतो. ओव्हरीत तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की तिथल्या काही पेशी जास्त उत्तेजित होतात आणि ही दुर्लक्ष करायची पट्टी अगदी अरुंद होते, मग कणभर उष्णता वाढली तरी मेंदूला वाटतं शरीर तापलं, उष्णता बाहेर टाका! कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम फुटतो, धडधड होते. घामाने अंग जास्तच गार होतं म्हणून मागून थंडी. तुम्ही पांघरुणाचं जे लिहिलंत ते याचं इतकं अचूक वर्णन आहे की मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवीन.

किती दिवस चालतं? आम्हाला शिकवलं होतं दोन-तीन वर्षं. ते चुकीचं निघालं. अमेरिकेत स्वान नावाचा मोठा अभ्यास १९९६पासून चाललाय, त्याच बायकांना वर्षानुवर्षं विचारत राहायचं असा. त्यांनी २०१५मध्ये सांगितलं की ज्यांना वारंवार लाटा येतात त्यांच्यातल्या निम्म्याजणींना त्या ७.४ वर्षांहून जास्त काळ येत राहतात, आणि ज्यांना पाळी चालू असतानाच सुरू होतात, म्हणजे पहाटजागी तुमच्यासारख्या, त्यांच्यात ११ वर्षांच्याही वर. घाबरवायला नाही सांगत. "थोडे दिवस काढ गं" हा सल्ला किती महाग पडू शकतो ते कळावं म्हणून सांगतेय.

हार्मोनची भीती कुठून आली तेही सांगते, कारण रोज किमान दोन बायका विचारतात. जुलै २००२मध्ये डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) नावाच्या अमेरिकी अभ्यासातला एक भाग मध्येच थांबवला. १६,६०८ बायका होत्या, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची (प्रोजेस्टिन म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) गोळी आणि खोटी गोळी अशी तुलना होती. स्तनाचा कॅन्सर वाढला म्हणून जगभर बातम्या झाल्या. वाढला किती, तर खोटी गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला ३०, खरी घेणाऱ्यांत ३८. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. वाढ खरी आहे, मी ती झाकत नाही, पण हा आकडा पेशंटच्या कानावर कधी गेलाच नाही, गेला तो फक्त "कॅन्सर" हा शब्द. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. गर्भाशय काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाच्या कॅन्सरची अशी वाढ दिसलीच नाही. पण तोपर्यंत जगभरच्या बायकांनी गोळ्या टाकून दिल्या होत्या आणि आम्ही डॉक्टरांनीही लिहिणं सोडलं होतं. माझ्याच हातून त्या काळात कितीतरी जणी "सहन करा" हे ऐकून परत गेल्यात, त्याची मला आजही टोचणी आहे.

आज ढोबळमानाने असं मानतात की साठीच्या आतली किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेली निरोगी बाई असेल आणि त्रास खरंच होत असेल तर बहुतेक वेळा फायदा जास्त, धोका कमी. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय, लिव्हरचा आजार आहे, कारण न कळलेला रक्तस्राव आहे, तर नाही. कातडीतून दिलं, जेल किंवा पट्टी, तर गुठळीचा धोका तोंडाने घेण्यापेक्षा कमी. हार्मोन नको असतील किंवा चालत नसतील तर काही डिप्रेशनची औषधं कमी डोसमध्ये लाटांवर चालतात, आणि २०२३मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटंट नावाचं औषध मंजूर झालं, ते मेंदूतल्या त्या उत्तेजित पेशींवरच काम करतं, हार्मोन नाही. त्याला लिव्हरच्या तपासण्या लागतात.

कातरवेळ, चाळिशीच्या आत ओव्हरी आपोआप थकणाऱ्या बायकाही शंभरात साधारण एक ते चार असतात. त्यांना आणि तुमच्यासारख्यांना, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोन द्यावेत असंच सांगितलं जातं. तुम्हाला दोन वर्षं कुणी सांगितलं नाही हे चूकच झालं.

एक गोष्ट राहिली, जी इथेही अजून कुणी लिहिलेली नाही. माझ्याकडे पेशंट येते, गुडघे, झोप, वजन सगळं बोलते, उठते, दाराच्या कडीला हात लावते आणि मग वळून म्हणते, "डॉक्टर, अजून एक होतं." ते "अजून एक" म्हणजे योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, पुन्हापुन्हा इन्फेक्शन. लाटा काही वर्षांनी ओसरतात, हे ओसरत नाही, उपचार नाही केले तर वाढत जातं. आणि याला अगदी साधा उपाय आहे, जागेवर लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम, ते रक्तात फारच थोडं जातं. दहा-दहा वर्षं नवऱ्यापासून लांब झोपणाऱ्या बायका मी बघितल्यात, भांडण काही नाही, फक्त दुखतं हे सांगता आलं नाही म्हणून. कृपा करून खुर्चीत बसल्याबसल्याच सांगा.

आणि हे लक्षात ठेवाच: सलग १२ महिने पाळी आली नाही की मगच मेनोपॉज झाला म्हणायचं. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी तपासायचं, बहुतेक वेळा साधं कारण निघतं पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वेळेत सापडतो तो असाच. ते १२ महिने होईपर्यंत गर्भ राहू शकतो, सत्तेचाळीसलाही.

---

एक_नवरा

बायकांच्या चर्चेत लिहू का नको असा दोन दिवस विचार करत होतो. माझी पत्नी ४९ची आहे. गेले वर्षभर मला वाटत होतं की तिला माझा कंटाळा आलाय. ती रात्री उठून हॉलमध्ये जाते, मी जवळ गेलो की लांब सरकते. काल हा धागा वाचला आणि पोटात कालवलं. मी काय करू? विचारलं की म्हणते काही नाही.

---

मोकळी_वाट

दादा, लिहिलंत ते चांगलं केलंत. "शांत हो" हे दोन शब्द वर्षभर तोंडातून काढू नका. लांब सरकली तर ती उष्णतेपासून सरकतेय, तुमच्यापासून नाही, निदान आधी असं धरून चाला. दोन वेगळी पांघरुणं घ्या. आणि "तुला काय होतंय" असं विचारण्यापेक्षा तुम्ही हे वाचलंय एवढंच सांगा, मग गप्प बसा, ती बोलेल. माझ्या नवऱ्याने कधी काही विचारलं नाही, पण मी उठले की उठून पंखा वाढवायचा आणि परत झोपायचा. मला ते पुरायचं.

---

शब्द_सापडेना

डॉक्टर, एक विचारते. मी ५०, शिकवते. वर्गात उभी असताना साधा शब्द आठवत नाही, परवा "खडू" आठवेना, हातात होता आणि नाव येईना, मुलं हसली. मुलं हसली त्याचं काही नाही. माझ्या आईला डिमेन्शिया झाला होता, तिचीही सुरुवात शब्दांपासूनच झाली होती, त्यामुळे रोज रात्री मी स्वतःची परीक्षा घेते, वर्गातल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणून बघते. इथे सगळ्या लाटांबद्दल बोलतायत, मला लाटा फारशा नाहीत, मला ही भीती आहे. घरी कुणालाच सांगितलेलं नाही, पहिल्यांदा इथे लिहितेय.

---

स्त्रीरोग_डॉक्टर

सांगितलंत हे फार बरं झालं. या काळात शब्द अडणं, खोलीत कशाला आलो ते विसरणं, हे खूप जणींना होतं. मी वर लिहिला त्या स्वान अभ्यासातही दिसलंय की पाळी जाण्याच्या आधीच्या काळात नवीन गोष्ट लक्षात ठेवायला जरा जड जातं आणि पाळी पूर्ण गेल्यावर ते बऱ्यापैकी सुधारतं. डिमेन्शियात सहसा शब्द नंतर आठवला असंही होत नाही, आणि आपण विसरतोय याची काळजी बहुतेक वेळा घरच्यांना जास्त असते. तुम्हाला खडू नंतर आठवला ना? तरीही घरात इतिहास आहे तर नुसत्या माझ्या लिहिण्यावर राहू नका, एकदा प्रत्यक्ष दाखवा, आणि थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन करून घ्या, कारण सगळं मेनोपॉजच्या खात्यावर टाकलं की यातलं काहीतरी निसटतं. हार्मोनच्या तपासणीचं म्हणाल तर पंचेचाळिशीच्या पुढे चित्र स्पष्ट असताना सहसा गरज नसते, या काळात ते आकडे आठवड्यागणिक वरखाली होतात, एका कागदावरून काही ठरत नाही. आणि झोप कशी आहे तेवढं सांगा.

---

शब्द_सापडेना

खडू दोन मिनिटांत आठवला. झोप चार तास. या शनिवारी तपासण्या करते. खूप आभार डॉक्टर, आज नावं म्हणणार नाही.

---

निर्धास्त_साठी

हे सगळं वाचून सुनेला म्हटलं, वाच, पण पूर्ण वाच. आणि मला काही झालं नाही म्हणून मी तिच्या आईला एकदा "एवढं काय त्यात" म्हणाले होते, ते आठवलं. तिला फोन करणार आहे.

---

पहाटजागी

चार दिवसांनी येतेय, सगळ्यांना एकत्रच लिहिते.

कातरवेळ, ते "अजून" मी पुन्हापुन्हा वाचलं. माझं पाकीट कपाटातच आहे, डॉक्टर म्हणतायत तसं १२ महिने व्हायचेत अजून, तेव्हा ते तिथेच राहू दे. निर्धास्तताई, तुमचंही पटलं, ऑफिसमधल्या "संपलं आपलं" म्हणणाऱ्या मैत्रिणीला तुमचं वाचून दाखवलं.

डॉक्टरची गुरुवारची वेळ घेतलीय. कॅलेंडरवर आता पाळीबरोबर लाटांच्याही खुणा करतेय, सोमवारी रात्री तीन, मंगळवारी पाच, आणि मीटिंगमध्ये एक, ती सगळ्यात वाईट, समोर बसलेल्याला वाटलं मी त्याच्या बोलण्यावर भडकले. हा कागद नेणार आहे. "अजून एक" पण आहे, ते कागदावर सगळ्यात वर लिहिलंय, म्हणजे कडीला हात लावेपर्यंत थांबावं लागणार नाही.

आणि आईला फोन केला. ती आता ७४ आहे. सरळ विचारलं, आई, तुझी पाळी कधी गेली गं? आधी म्हणाली, आता हे कुठून काढलंस. मग म्हणाली, तू कॉलेजला होतीस तेव्हा. मी विचारलं, जिन्यात का बसायचीस? तर म्हणाली, जिन्याच्या पायऱ्या गार असायच्या. दार लोटून, पायरीवर पाय आणि तळहात टेकवून बसायची म्हणे, अंगाची आग कमी होईपर्यंत. बाबांना वाटायचं ती रुसलीय. ते दारापर्यंत येऊन परत जायचे. तिला ते कळायचं, पण उठून सांगायला जीव नसायचा, आणि सांगणार तरी काय, तिलाच माहीत नव्हतं हे काय आहे, तिला वाटायचं हृदयाचं काहीतरी आहे आणि मुलांची शिक्षणं व्हायचीयत.

मी तिला डॉक्टरांनी इथे लिहिलेलं सगळं सांगितलं, मेंदूची ती पट्टी, सात वर्षं, जेल, सगळं. शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तेव्हा होतं का गं औषध?"

मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "गुरुवारी किती वाजता आहे तुझं? मी येते बरोबर."